घुमट कुणाचा, सभा कुणाची : दिल्लीतले चार दिवस

दिल्लीच्या सहलीत संसद बहुतेकांना टॅक्सीच्या खिडकीतून दिसते. इंडिया गेटवर आइस्क्रीम, लाल किल्ला, चांदणी चौकातले पराठे, आणि मधे कुठेतरी ड्रायव्हर हात करून म्हणतो, "वो रहा पार्लमेंट." गोल इमारत सरकते, मोबाइल निघेपर्यंत वळण येतं आणि विषय संपतो. संसद आणि तिच्या भोवतालच्या इमारती नीट वाचायच्या तर चार दिवस लागतात. तीन दिल्लीत, एक ग्वाल्हेरच्या बाजूला.

निघण्यापूर्वी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्यावी. यातली दिल्लीतली एकही जुनी इमारत आज आपण ज्याला लोकशाही म्हणतो तिच्यासाठी बांधलेली नाही. नकाशे साम्राज्याचे होते. सभा, म्हणजे कायदेमंडळ, त्यात मागाहून शिरली, आधी पाहुणी म्हणून आणि मग घरमालकीण म्हणून. ती कुठे शिरली आणि कुठे दाटीवाटीने बसली, ते दगडात, पायऱ्यांत आणि बाकांच्या रांगांत अजून दिसतं.

ऋतूचं गणित सोपं आहे. फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम. नोव्हेंबरात हवा इतकी धुरकट असते की इंडिया गेटपासून राष्ट्रपती भवनाकडे जाणाऱ्या कर्तव्य पथाच्या एका टोकावरून दुसरं टोक दिसत नाही, आणि या सहलीचा निम्मा अर्थ त्या दिसण्यातच आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहापर्यंत धुकं असतं. जानेवारीचा उत्तरार्ध टाळाच, कारण २६ जानेवारीचं संचलन आणि २९ तारखेचा बीटिंग रिट्रीट यांच्या तालमींसाठी विजय चौक वारंवार बंद असतो. संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार प्रवासात घालवावा.

पहिला दिवस : सिव्हिल लाइन्स आणि कोरोनेशन पार्क

सुरुवात नव्या दिल्लीत करायची नाही. मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने उत्तरेला जाऊन जी. टी. बी. नगरला उतरायचं, तिथून ई-रिक्षाने कोरोनेशन पार्क. १२ डिसेंबर १९११ रोजी इथल्या दरबारात पाचव्या जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवत असल्याचं जाहीर केलं. तीन दिवसांनी, १५ डिसेंबरला, नव्या शहराच्या कोनशिलाही याच परिसरात बसवल्या. मग जागाच बदलली, शहर दक्षिणेला रायसीनाच्या टेकडीकडे गेलं आणि कोनशिला उचलून तिकडे न्याव्या लागल्या. नव्या राजधानीचं पहिलं काम म्हणजे पायाचा दगड हलवणं.

बागेत एक उंच स्तंभ आहे आणि काही अंतरावर पुतळे. सगळ्यांत मोठा पाचव्या जॉर्जचा. १९३६पासून तो इंडिया गेटमागच्या घुमटीवजा दगडी छत्रीत उभा होता, १९६८मध्ये तिथून काढून इथे आणला. आजूबाजूला काही व्हाइसरॉय, आणि काही चौथरे रिकामेच. तासभर पुरे. त्या पुतळ्याची उंची मात्र नजरेत साठवून ठेवा, उद्या तिचं काम पडेल.

परतताना दोन-तीन स्थानकं अलीकडे 'विधानसभा' स्थानक लागतं. तिथून पाच मिनिटांवर ओल्ड सेक्रेटरिएट, म्हणजे आजची दिल्ली विधानसभा. पांढरी, लांबलचक, अर्धचंद्राकार इमारत. १९१२ची, ई. मॉन्टेग्यू थॉमस याच्या आराखड्याची, काही महिन्यांत उभी केलेली. रायसीनाचं शहर चार वर्षांत होईल, तोवर हिच्यावर भागवू, असा हिशेब होता. वीस वर्षं लागली. घाईत बांधल्याच्या खुणा दिसतात: विटा, वर गिलावा, त्यावर पांढरा रंग. उद्या दिसणाऱ्या धोलपूरच्या वालुकाश्माचा इथे पत्ता नाही. दगडाला पावसाने शोभा येते. गिलाव्याला पोपडे येतात, म्हणून त्याला सारखं रंगवत राहावं लागतं.

दिल्लीतल्या विधिमंडळाची सुरुवात मात्र इथली. इंग्रज सरकारच्या १९०९च्या सुधारणांनंतर इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिल या व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात निवडून आलेले सभासद होते २७, बाकीचे सरकारी किंवा सरकारने नेमलेले. त्या आकड्याचा अर्थ मार्च १९१९मध्ये उघडा पडला. विनाखटला कैदेची मुभा देणाऱ्या रौलट विधेयकाला निवडून आलेल्या भारतीय सभासदांनी विरोध केला, तरी सरकारी मतांच्या जोरावर ते मंजूर झालं. जिना, मदनमोहन मालवीय आणि मझहरुल हक यांनी राजीनामे दिले. वाद घालायची मुभा होती, वादाचा निकाल आधीच ठरलेला होता.

त्याच वर्षीच्या कायद्याने केंद्रीय विधानसभा १४५ सभासदांची झाली आणि त्यात १०४ निवडून येऊ लागले. पण १९२०च्या निवडणुकीत मतदार किती, तर सुमारे ९ लाख. मालमत्ता, कर, शिक्षण अशा चाळण्यांतून उरलेले. नवी इमारत होईपर्यंत ही सभाही याच पांढऱ्या घरात बसली. १९२५मध्ये विठ्ठलभाई पटेल सभेचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले. दिल्लीच्या राजकारणात येण्याआधी ते मुंबईच्या विधिमंडळात आणि मुंबई महापालिकेत घोटून निघालेले होते. सभेचे नियम सरकारवरच कसे उलटवायचे हे त्यांनी तिकडेच आत्मसात केलं.

ही चालती विधानसभा असल्याने पासाशिवाय आत जाता येत नाही. समोरच्या रस्त्यावरून सगळी वक्ररेषा दिसते. दुपारनंतर जावं, पांढऱ्या भिंतीवर भर दुपारी कॅमेरा आंधळा होतो.

दुसरा दिवस : इंडिया गेट ते रायसीना

आजचा दिवस पायांचा. इंडिया गेटपासून विजय चौक सुमारे अडीच किलोमीटर, पुढे चढ. बूट घाला, पाणी घ्या, सकाळी आठला निघा.

आधी इंडिया गेटमागची छत्री. काल पाहिलेला राजा इथे उभा होता. तो हलवल्यावर चौपन्न वर्षं छत्री रिकामी राहिली, आणि ती रिकामी असतानाच जास्त बोलकी होती असं आमचं मत. ८ सप्टेंबर २०२२पासून तिथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा काळ्या ग्रॅनाइटचा २८ फुटी पुतळा आहे. त्याच वेळी राजपथाचं नाव कर्तव्य पथ झालं; राजपथाच्याही आधी तो किंग्जवे.

आता पश्चिमेला तोंड करून चालायला लागा. पुढचा अर्धा तास हा या सहलीतला सगळ्यांत चांगला धडा आहे, आणि त्याला तिकीट नाही. इंडिया गेटपाशी उभं राहिलं की टोकाला राष्ट्रपती भवनाचा घुमट आणि त्याखालची खांबांची ओळ दिसते. चालत जा. रफी मार्गाचा चौक जवळ येतो तसे खांब खालून बुडायला लागतात. विजय चौकात पोचलात की समोर राहतो तो रस्त्याचा चढ, दोन्ही बाजूंची सचिवालयं आणि मधे नुसता घुमट. जवळ गेल्यावर इमारत मोठी दिसायला हवी, इथे ती गायब होते. चढ चढून वर आलं की पुन्हा सगळी उभी राहते.

हा चमत्कार म्हणजे एक भांडण आहे. व्हाइसरॉयचं घर, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, वास्तुविशारद एडविन लुटेन्सचं, दोन्ही सचिवालयं हर्बर्ट बेकरची. सचिवालयंही टेकडीवर घराच्याच पातळीला हवीत हा बेकरचा आग्रह. त्यासाठी घर मागे सरकलं आणि मधल्या सपाटीने खालून येणारी नजर अडवली. लुटेन्सने आराखड्यावर सही केली होती. चढाचा परिणाम त्याच्या लक्षात आला तेव्हा फार उशीर झाला होता. चढ कापून कमी करावा म्हणून तो वर्षानुवर्षं भांडला आणि हरला. नेपोलियन हरला त्या वॉटर्लूच्या चालीवर आणि लंडनच्या 'बेकरलू' या भुयारी रेल्वेच्या नावावर कोटी करत, आपलं 'बेकरलू' झालं असं तो म्हणे. पण या हरण्याचा आपल्याला एक फायदा झाला. विजय चौकात, लोक जमतात त्या जागी, सत्ताधीशाचं घर डोळ्यांसमोरून पुसलं जातं आणि कचेऱ्या पुढे येतात. हे कुणी ठरवून केलेलं नाही.

विजय चौकातच उजव्या हाताला, खाली, झाडांच्या आड एक गोल इमारत दिसेल. तीच जुनी संसद. सध्या नुसतं टिपून ठेवा की ती चढाच्या पायथ्याशी आहे, मुख्य रस्त्याच्या रेषेबाहेर आहे, आणि तिच्या डोक्यावर नजरेत भरेल असा घुमट नाही.

चढ चढून दोन्ही सचिवालयांच्या मधे या. डावीकडे साउथ ब्लॉक, उजवीकडे नॉर्थ ब्लॉक. खालचा थर लाल वालुकाश्माचा, वरचा फिक्या पिवळ्याचा. हे दोन रंग टेकडीवर सगळीकडे आहेत. छज्जे खोल आहेत आणि भिंतीला जाळ्या आहेत. दोन्ही इथल्या उन्हासाठी, इथल्याच इमारतींतून उचललेले. इमारतींपुढे चार स्तंभ आहेत, प्रत्येकाच्या माथ्यावर जहाज. हे १९३१मध्ये कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या स्वायत्त वसाहतींनी दिले. ज्यांना स्वायत्तता मिळाली होती त्यांचे स्तंभ, जिला मिळाली नव्हती तिच्या राजधानीत. याला शिल्पकला म्हणावं की चिडवणं, ज्याचं त्याने ठरवावं.

तेवढ्यावर भागलेलं नाही. नॉर्थ ब्लॉकच्या मधल्या दरवाज्यावरचा इंग्रजी लेख वाचा. सारांश असा: स्वातंत्र्य जनतेपाशी आपण होऊन खाली उतरत नाही, जनतेने स्वतःला त्याच्यापर्यंत उचलावं लागतं, उपभोगण्याआधी ते कमवावं लागतं. टिळकांचं 'जन्मसिद्ध हक्क' ऐकून वाढलेल्या मराठी माणसाला या ओळी खाली उभं राहून वाचताना दात-ओठ खावेसे वाटतात. पाटी काढलेली नाही, आणि ते बरं झालं. या दरवाज्यांमागे दशकानुदशकं स्वतंत्र भारताची खाती चालली. आता ती नव्या कर्तव्य भवनांकडे गेली की इथे राष्ट्रीय संग्रहालय करायचं, अशी योजना आहे.

दुपारची वेळ राष्ट्रपती भवनाची. यासाठी आधीच ऑनलाइन नोंदणी लागते. ऐन वेळी जाऊन आत सोडत नाहीत. मूळ ओळखपत्र जवळ हवं. मुख्य इमारतीत फोटो काढता येत नाहीत. सगळ्यांत जास्त लोक चुकतात ते गेटच्या बाबतीत. गेटं एकमेकांपासून फार लांब आहेत, आणि पावतीवर छापलेल्याच गेटवर जावं लागतं. चुकीच्या गेटवर रिक्षा सोडली की वीस मिनिटांची पायपीट आणि वेळ हुकलेली. अर्धा तास हाताशी ठेवा.

समोरचा जयपूर स्तंभ १४५ फुटांचा. इमारतीत ३४० खोल्या. घुमटाच्या बुडाशी सांचीच्या स्तूपाच्या कठड्याची नक्कल. खांबांच्या शिरांवर दगडी घंटा कोरल्या आहेत. घंटा वाजली की राज्य जातं, म्हणून मुक्या घंटा, असं सांगतात. राज्य घुमट पुरा झाल्यावर वीस वर्षंसुद्धा टिकलं नाही.

घुमटाखालचा दरबार हॉल ही इथली खरी जागा. व्हाइसरॉय आणि त्याची बायको यांची दोन सिंहासनं जिथे असत तिथे आता राष्ट्रपतींची एकच खुर्ची असते, आणि तिच्यामागे गुप्तकाळातली बुद्धमूर्ती. १५ ऑगस्ट १९४७च्या सकाळी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी याच दालनात झाला. २६ जानेवारी १९५०ला सकाळी १०:१८ वाजता भारत प्रजासत्ताक झाला आणि सहा मिनिटांनी राजेंद्रप्रसादांनी इथेच शपथ घेतली. जुलै २०२४मध्ये दालनाचं नाव गणतंत्र मंडप झालं. वास्तूचा आकार मात्र दरबाराचाच आहे: उंच गोल छत, मधे मोकळी जमीन, एका बाजूला एक आसन. इथे समोरासमोर बसून वाद घालायची सोयच नाही. १९१२-१३च्या मूळ आराखड्यात कायदेमंडळाला वेगळी इमारतही नव्हती. व्हाइसरॉयच्या घरातल्याच एका दालनात त्याने बसावं अशी योजना होती. घरमालकाच्या दिवाणखान्यात भाडेकरूंची बैठक.

तिसरा दिवस : गोल इमारत

मेट्रोने सेंट्रल सेक्रेटरिएट किंवा पटेल चौक. जुनं संसद भवन १९ सप्टेंबर २०२३पासून 'संविधान सदन' आहे, कामकाज शेजारच्या नव्या भवनात चालतं. तिथल्या प्रेक्षक सज्जाचा पास खासदाराच्या शिफारशीवर मिळतो. त्यासाठी आपल्याच मतदारसंघातल्या कार्यालयात, अधिवेशनाच्या तारखा बघून, पंधरा-वीस दिवस आधी विचारावं. दहा वर्षांखालील मुलांना सज्जात घेत नाहीत, हे सहकुटुंब जाणाऱ्यांच्या ऐन दारात लक्षात येतं. पास नसेल तर इमारत बाहेरून बघायची. भोवती पूर्ण प्रदक्षिणा घालता येत नाही, काही रस्ते बंद असतात. चांगल्या जागा दोन: नॉर्थ ब्लॉकच्या बाजूचा चढ, जिथून वर्तुळाचा वाक दिसतो, आणि रेड क्रॉस रोडचा कोपरा. चढावरून संध्याकाळचं ऊन खांबांवर येतं. थांबून लांब भिंगाचा कॅमेरा रोखला तर शिपाई हटकणार, आणि ड्रोनचं नावही काढू नये.

१९१९च्या कायद्याने दोन सभागृहं आली, शिवाय संस्थानिकांचं नरेंद्र मंडळ. तीन सभा व्हाइसरॉयच्या घरात मावेनात, म्हणून वेगळी इमारत, आणि तोवर आराखड्यातल्या मोक्याच्या जागा संपलेल्या. उरली ती टेकडीच्या पायथ्याची, राष्ट्रपती भवनाकडून कॅनॉट प्लेस आणि जामा मशिदीच्या दिशेने जाणाऱ्या तिरक्या रेषेवरची. काम बेकरकडे आलं. त्याने त्रिकोणी आराखडा काढला, तीन बाहू आणि मधे घुमट. लुटेन्सने रोमच्या कोलोझियमसारख्या गोलाचा आग्रह धरला आणि या वेळी तो जिंकला. १२ फेब्रुवारी १९२१ला ड्यूक ऑफ कॅनॉटने कोनशिला बसवली, १८ जानेवारी १९२७ला लॉर्ड आयर्विनने उद्घाटन केलं. खर्च ८३ लाख रुपये.

मापं पाहा. व्यास ५६० फूट, घेर मैलाचा तिसरा हिस्सा, क्षेत्र जवळपास सहा एकर. पहिल्या मजल्यावर १४४ खांबांचा उघडा व्हरांडा, प्रत्येक खांब २७ फुटांचा. भागाकार केला तर सुमारे बारा फुटांवर एक खांब येतो. खांब जमिनीवर नाहीत, लाल तळमजल्याच्या वर आहेत. म्हणून रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आधी भिंत येते, खांब मान वर केल्यावर. त्यांचं खरं काम सावलीचं. मागच्या कचेऱ्यांच्या खिडक्यांवर दिल्लीचं ऊन थेट पडू नये म्हणून ही अख्खी पडवी आहे. गोलाला दर्शनी बाजू नसते, चारी दिशांना ती सारखीच. यात समता पाहणारे पुष्कळ आहेत. व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच की बारा दारं आहेत आणि दारांच्या आकड्यावर चालावं लागतं. खांबांवरून आपण कुठल्या बाजूला आहोत ते कळत नाही.

आतली मांडणी मात्र विचार करायला लावते. गोलाच्या मधोमध सेंट्रल हॉल, त्याभोवती समान अंतरावर तीन सभागृहं, सभागृहांच्या मधे तीन बागा, आणि सगळ्याला बाहेरून कचेऱ्यांचं कडं. सेंट्रल हॉलचा घुमट ९८ फूट व्यासाचा आहे, पण कडं उंच असल्याने रस्त्यावरून तो जाणवत नाही. टेकडीवर व्हाइसरॉयचा घुमट दोन-तीन किलोमीटरवरून दिसावा आणि सभेचा घुमट दारातूनही दिसू नये, यापेक्षा स्पष्ट भाषेत १९२७ची सत्तावाटणी सांगता आली नसती.

मग त्या तीन सभागृहांचं काय झालं? संस्थानिकांचं सभागृह, जिथे बडोदा, ग्वाल्हेर, कोल्हापूरचे राजे बसायचे, त्यात १९३७पासून फेडरल कोर्ट, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा पूर्वावतार, बसलं. २८ जानेवारी १९५०ला सर्वोच्च न्यायालयाचं उद्घाटन त्याच दालनात झालं आणि १९५८पर्यंत ते तिथेच होतं. पुढे ते दालन ग्रंथालयाकडे गेलं. राजांच्या जागी न्यायमूर्ती, न्यायमूर्तींच्या जागी पुस्तकं. कौन्सिल ऑफ स्टेट या वरिष्ठ सभागृहात राज्यसभा आली, तिथला गालिचा लाल. केंद्रीय विधानसभेच्या सभागृहात लोकसभा आली, तिथला हिरवा.

लोकसभेचं सभागृह जरा जवळून पाहण्यासारखं. लंडनमध्ये दोन बाजू समोरासमोर, मधे रिकामी पट्टी. इथे घोड्याच्या नालेच्या आकाराचा अर्धगोल, सगळी बाकं अध्यक्षांच्या आसनाकडे वळलेली. १४५ माणसांसाठी केलेल्या या खोलीत पुढे ५५० जागा बसवल्या. सहा गट, प्रत्येकी अकरा रांगा. दोन टोकांच्या गटांत ९७-९७, मधल्या चारांत ८९-८९. भिंती त्याच राहिल्या, तेव्हा दाटी सभासदांच्या गुडघ्यांनी सोसली. पहिल्या दोन रांगांच्या मागे पुढ्यात मेजच नसे; कागद मांडीवर घेऊन बसायचं. मधल्याला बाहेर पडायचं तर रांग उठवावी लागे. सेंट्रल हॉलची सोय ४४० जणांची, आणि संयुक्त बैठकीला दोन्ही सभागृहं आली की जादा खुर्च्या टाकाव्या लागत. लोकशाहीचं प्रतीक शोधणाऱ्याने १४४ खांबांकडे बघण्यापेक्षा या चेंगराचेंगरीकडे बघावं. ९ लाख मतदारांसाठी शिवलेल्या अंगरख्यात १९५१-५२च्या निवडणुकीत १७ कोटींवर मतदारांचा देश शिरला, आणि सत्तर वर्षं शिवणी उसवू न देता वावरला.

याच सभागृहात ८ एप्रिल १९२९ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षक सज्जातून बॉम्ब टाकले. अध्यक्षस्थानी विठ्ठलभाई होते, पब्लिक सेफ्टी बिलावर निर्णय द्यायला उभे राहत होते. बहिऱ्यांना ऐकू जायला मोठा आवाज लागतो, असं पत्रकांत लिहिलेलं. त्यानंतर सुरक्षेच्या निमित्ताने सरकारला सभेत पोलीस घुसवायचे होते. विठ्ठलभाईंनी सप्टेंबर १९२९मध्ये सभेच्या स्वतःच्या ताब्यातली 'वॉच अँड वॉर्ड' व्यवस्था उभी करून घेतली. दारावरचा माणूस कुणाचा, यावर घर कुणाचं ते ठरतं, हे त्यांना कळत होतं. जानेवारी १९४६मध्ये त्याच आसनावर गणेश वासुदेव मावळंकर निवडून आले, अवघ्या तीन मतांनी, आणि १९५२मध्ये ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. मूळ घराणं कोकणातलं, कर्मभूमी अहमदाबाद.

सेंट्रल हॉल आधी दोन्ही सभागृहांचं ग्रंथालय होता. १९४६मध्ये पुस्तकं हलवून तिथे बाकं लावली. ९ डिसेंबर १९४६पासून संविधान सभा तिथे बसली. अकरा अधिवेशनं, १६५ दिवस कामकाज, त्यातले ११४ दिवस मसुद्यावर. म्हणजे ज्या दालनात राज्यघटना झाली ते दालन कुठल्याच सभेसाठी बांधलेलं नव्हतं. तिथले पंखे बघा. छत इतकं उंच की वरून पंखा सोडला तर दांडी केवढी लागेल. म्हणून जमिनीतून खांब काढून पंखे त्यांच्या डोक्यावर उलटे बसवले आहेत. भिंतीवर गोपाळ देऊस्करांनी काढलेलं टिळकांचं तैलचित्र आहे, १९५६मध्ये लावलेलं. संकुलातला बाबासाहेबांचा पुतळा ब्रह्मेश वाघ यांचा, १९६७चा. जून २०२४पासून तो इतर पुतळ्यांसोबत प्रेरणा स्थळावर आहे.

स्वतंत्र भारताने इमारतीच्या दगडाला फारसा हात लावला नाही. जागोजाग वचनं मात्र लिहून ठेवली. लोकसभाध्यक्षांच्या आसनावर 'धर्मचक्र-प्रवर्तनाय', सेंट्रल हॉलच्या दारात 'अयं निजः परो वेति' (हा आपला, हा परका), एका लिफ्टच्या घुमटावर महाभारतातलं 'न सा सभा यत्र न सन्ति वृद्धाः'. ज्या सभेत वृद्ध नाहीत ती सभा नव्हे. हे लिफ्टशेजारी लिहिण्यात विनोद होता की नाही, कोण जाणे.

शेजारचं नवं भवन २८ मे २०२३चं. लोकसभेत ८८८ आसनं, राज्यसभेत ३८४, प्रत्येकापुढे मेज. वेगळा सेंट्रल हॉल नाही, संयुक्त बैठक लोकसभेतच. आकार त्रिकोणी. बेकर हसला असता.

चौथा दिवस : मितावली

समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरणारा फोटो आहे: वरून टिपलेलं एक गोल देऊळ, शेजारी संसद, आणि खाली 'इंग्रजांनी आपली नक्कल केली'. ते देऊळ मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर, मध्य प्रदेशातल्या मुरैना जिल्ह्यात. सकाळी सहाच्या सुमाराची शताब्दी नवी दिल्लीहून साडेनऊच्या आसपास ग्वाल्हेरला सोडते. तिथून देऊळ सुमारे ४० किलोमीटर. टॅक्सी दिवसभरासाठीच ठरवा, परतीला वाहन मिळत नाही. वाटेत खायला फार काही नाही, ग्वाल्हेरातच पोहे-जिलेबी उरकून डबा घ्या. पढावली आणि बटेश्वर ही जुन्या देवळांची ठिकाणं जवळच, तीही त्याच फेरीत होतात.

टेकडीवर जायला शंभरेक पायऱ्या. वर आल्यावर पहिला धक्का आकाराचा. संसदेला कोपरा असता तर त्या कोपऱ्यात हे देऊळ मावलं असतं. दुसरा धक्का खांबांचा. बाहेरून हे वर्तुळ म्हणजे जाड, बंद भिंत आहे. खांब सगळे आतल्या बाजूला, अंगणाकडे तोंड केलेले; त्यांच्यामागे लहान लहान देवकोष्ठं, आणि मधल्या मोकळ्या जागेत गोल गाभारा. दिल्लीत नेमकं उलट: खांब बाहेर, रस्त्याकडे तोंड करून, आणि मधलं अंगण तीन सभागृहांनी भरलेलं. विमानातून दोन्ही गोल दिसतात हे खरं. पण गोलाची कल्पना कुठून आली हे लुटेन्स-बेकरच्या भांडणात सापडतं, आणि तिथे कोलोझियम आहे, मितावली नाही.

म्हणून इथे यायचं नाही असं मुळीच नाही. अंगणात बसून बघा. कुठल्याही खांबापाशी बसलं तरी मधला गाभारा सारख्याच अंतरावर असतो आणि समोरच्या बाजूला बसलेला माणूस स्पष्ट दिसतो. दुपारी दोननंतर दगड तापतो, अनवाणी चालवत नाही. मोजे जवळ ठेवावेत. परतीची शताब्दी संध्याकाळी सातच्या सुमाराला ग्वाल्हेरला येते, तेव्हा साडेचारला टेकडी उतरायला लागा. उतरताना पायऱ्यांच्या मध्यावर एकदा मागे वळून पाहिलं तर खांब एकही दिसत नाही, नुसती गोल भिंत.